संकट टळल्यानंतर

हिंडलगा जेलमधून माणूस सुटला की घरचे म्हणतात, "सुटलास बाबा एकदाचा." पण सुटून आलेला तो माणूस पुढे कितीतरी रात्री दाराच्या आवाजाने दचकून उठू शकतो. आज मनन करायचं ते या दचकण्यावर.

पाठ टेकून बसा. श्वास चाललाय तसा चालू द्या.

अलीकडची एखादी भीती आठवा. फार मोठी नको. छातीत धडधडलं, तेव्हा मेंदूतल्या हायपोथॅलॅमसने पिच्युटरीला कळवलं, तिने मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथींना कळवलं, आणि रक्तात कॉर्टिसोल उतरलं. ते तुम्हाला सांभाळायलाच आलं होतं. मग तेच कॉर्टिसोल मेंदूत पोचलं, हिप्पोकॅम्पस या भागातल्या ग्राहींना जाऊन चिकटलं, आणि निरोप गेला: पुरे.

हा 'पुरे' ज्याला लवकर ऐकू येतो, तो लवकर सावरतो. प्रत्येकाला तो सारखा ऐकू येत नाही. २००४ साली मॉन्ट्रियलमध्ये मायकेल मीनी आणि मोशे झीफ यांच्या गटाला आढळलं, की उंदराच्या ज्या पिलांना आईने कमी चाटलं, त्यांच्या या ग्राहीच्या जनुकावर मिथाइलच्या खुणा जास्त होत्या. जनुक तेच, पण वाचलं गेलं कमी. अशाच आईची पिलं जन्मतःच भरपूर चाटणाऱ्या आईकडे वाढवली, तेव्हा खुणा कमी उमटल्या.

इथे थोडं थांबा. कुणाला तरी आपण 'मनाने कच्चा' म्हणालो होतो. कुणाला, ते आठवा. तो शब्द आता मागे घ्या.

पुन्हा श्वासाकडे या.

बंगळूरच्या एनसीबीएस या संशोधन संस्थेत सुमंत्र चटर्जी यांच्या गटाने उंदरांना रोज २ तास, असे १० दिवस, हलता येणार नाही असं जखडून ठेवलं. हिप्पोकॅम्पसमधल्या पेशींच्या फांद्या आखडल्या. भीती जपून ठेवणाऱ्या अमिग्डालातल्या फांद्या मात्र वाढल्या. नंतर २१ दिवस त्यांना काहीच त्रास दिला नाही. हिप्पोकॅम्पस पूर्ववत झाला. अमिग्डालातली वाढ तशीच राहिली, आणि उंदरांची धास्तीही.

माणूस म्हणजे उंदीर नव्हे, आणि ताणामागून येणाऱ्या नैराश्याला एकच कारण नसतं. तरी या २१ दिवसांपाशी जरा रेंगाळा. संकट टळतं एका दिवशी; शरीराला ते पटायला वेळ लागतो, आणि मेंदूच्या सगळ्या भागांना ते एकाच वेळी पटत नाही. कर्ज फिटलं, खटला संपला, आजारी माणूस बरा झाला, तरी कुणाची झोप परतत नसेल, तर तो नाटक करत नाहीये.

दोन आठवडे उलटूनही कशातच मन लागत नसेल, तर डॉक्टरांना भेटायला हवं. 'टेलि-मानस' या मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर मोफत बोलता येतं.

आता डोळे उघडा. "सगळं तर ठीक झालंय, मग तुला झालंय काय?" हा प्रश्न आज घरात कुणाला विचारू नका. स्वतःलाही नको.