शिकलेली मुलगी कुणाच्या कामाची?

मुलींना शिकवावे की नाही, हा प्रश्न आपल्या समाजात आता कोणी विचारत नाही. लोद-अश्दोदला असो की इथे अमेरिकेत, आपल्या मुली कॉलेजात जातात आणि त्याचा आपल्याला अभिमान वाटतो. मग या विषयावर पुन्हा लिहिण्याचे कारण काय, असे वाचक बंधुभगिनी म्हणतील. कारण एवढेच की, मुलीला कशासाठी शिकवायचे, याचे उत्तर आपण अजून नीट दिलेले नाही.

नेहमीची उत्तरे सर्वांना पाठ आहेत. शिकली तर चांगले स्थळ मिळेल, संसाराला हातभार लावील, मुलांचा अभ्यास घेईल. शिक्षकी पेशात आम्ही ती कितीतरी पालकांच्या तोंडून ऐकली. ती खोटी नाहीत. पण तिन्हींत फायदा नवऱ्याचा, घराचा किंवा मुलांचा आहे. शिकणारीचे नाव कुठेच येत नाही. आणि जी गोष्ट दुसऱ्याच्या सोयीसाठी सुरू होते, ती दुसऱ्याच्या सोयीसाठी बंदही पडते.

शिकागोच्या डेव्हन ॲव्हेन्यूवर राहणाऱ्यांना याचे उदाहरण शोधायला लांब जायला नको. या रस्त्याच्या एका भागाला गांधी मार्ग म्हणतात, आणि थोडे पुढे गेले की गोल्डा मायर यांच्या नावाची पाटी लागते. पिशव्या घेऊन आपण तिच्याखालून जातो. १९६९ ते १९७४ या काळात इस्राएलच्या पंतप्रधान असलेल्या या बाईंचे शाळेचे दिवस इथून जवळच, मिलवॉकी शहरात गेले. आईचे किराणा दुकान होते. सकाळी आई माल आणायला बाजारात गेली की लहानगी गोल्डा दुकान सांभाळी आणि शाळेत उशिरा पोचे. पुढे हायस्कूलची वेळ आली तेव्हा, एवढे शिकून काय करायचे, असे आईवडिलांचे मत पडले. आई स्थळही पाहू लागली. गोल्डाला शिक्षिका व्हायचे होते, आणि त्या काळी तिथे लग्न झालेल्या बाईला ती नोकरी करता येत नसे. १९१३ साली, चौदाव्या वर्षी, ती घर सोडून डेन्व्हरला थोरल्या बहिणीकडे गेली आणि तिथे शाळेत जाऊ लागली.

ते आईवडील वाईट नव्हते. रशियाच्या राज्यातून आलेली, कष्टाने पोट भरणारी ती माणसे होती. त्यांनी मुलीच्या शिक्षणाचा हिशेब उपयोगाने मांडला, आणि त्या हिशेबात शिक्षण तोट्याचे निघाले.

हाच हिशेब आपल्या महाराष्ट्रातही मांडला गेला. १८८४ साली न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर प्रभृतींनी पुण्यात मुलींचे हायस्कूल काढले. तीच हुजूरपागा. टिळकांच्या 'मराठा' पत्राने तिच्या अभ्यासक्रमावर टीका केली. मुलींना इंग्रजी नि शास्त्रे कशाला, घरात उपयोगी पडेल तेवढे पुरे, असा तिचा सूर होता. पुढे एकवीस वर्षांनी, १९०५ साली, याच शाळेत शिकलेली आपली रिबेका रूबेन मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिकमध्ये पहिली आली. १९२२ ते १९५० त्यांनी मुंबईच्या आपल्या इस्राएलाईट शाळेची, म्हणजे सर एली कदूरी शाळेची, धुरा वाहिली. डॉ. जेरुशा झिराडही हुजूरपागेच्याच. १९१९ साली लंडनची एम. डी. मिळवून आल्यावर १९२८ ते १९४७ त्यांनी मुंबईचे कामा हॉस्पिटल सांभाळले आणि १९६६ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

यावर कोणी म्हणेल, पाहा, झालाच ना उपयोग! झाला खरा. पण वर्गात बसलेली कोणती मुलगी पुढे रिबेका रूबेन होणार, हे आधी कोणालाच कळत नाही. आणि ज्या मुली तशा नावारूपाला आल्या नाहीत, त्यांचे शिक्षण वाया गेले काय? आपल्या आया-आज्यांनी गाण्यांच्या वह्या लिहून ठेवल्या. आब्राहाम, मोशे, एलियाहू हन्नाबी यांच्यावरची मराठी गाणी त्यांनी आपल्या हाताने उतरवून घेतली आणि लग्नकार्यात म्हटली. त्याचा पगार त्यांना कोणी दिला नाही. त्यांना लिहिता येत होते, म्हणून ती गाणी टिकली, आणि आज अभ्यासक त्या वह्या शोधत फिरतात.

आता आपल्या सुनांकडे पाहू. मुंबईची पदवी घेऊन आलेली बाई इथे दुकानाच्या काउंटरवर उभी राहते. त्या कामात कमीपणा नाही, आणि पोट आधी भरले पाहिजे हे आम्हाला मान्य आहे. पण इथे नर्स किंवा शिक्षिका व्हायचे तर इथले लायसन्स लागते, आणि तिचा तो अर्ज दर वर्षी मागे पडतो. यंदा नवऱ्याचा कोर्स, पुढच्या वर्षी मुलाची फी, त्याच्या पुढच्या वर्षी सासूबाईंचे गुडघे. प्रत्येक कारण खरे असते. तरीही घरात शिकण्याचा नंबर लावताना तिचाच नेहमी शेवटचा का, हे विचारायला हवे.

आणि त्या सासूबाईंचे काय? इस्राएलला गेलेल्या आपल्या बायकांसाठी हिब्रू शिकायला उल्पानचे वर्ग होते. इथे घरी येऊन वर्गाला चला म्हणणारे कोणी नाही. मग डॉक्टरकडे जाताना मुलगा दुभाष्या म्हणून बरोबर येतो. पोटातले, अंगावरचे दुखणे मुलाच्या तोंडून सांगायचे म्हणून त्या अर्धे सांगतात आणि अर्धे गिळतात. आता या वयात इंग्रजी शिकून कोणती नोकरी करायची आहे, असे आपण त्यांना थट्टेने म्हणतो. नोकरी नकोच आहे. आपले दुखणे आपल्या तोंडाने सांगता यावे, आलेले पत्र दुसऱ्याची वाट न पाहता वाचता यावे, सही करताना आपण कशावर सही करतो हे कळावे, एवढ्यासाठी शिकायचे. शिक्षण माणसाला देते ते मुळात हेच. पदवी, पगार, चांगले स्थळ हे सारे त्याच्या मागून येते, आणि कधी येतही नाही.

म्हणून आमची वाचकांना एकच विनंती आहे. घरातल्या मुलीला आपण नेहमी विचारतो, तसे एकदा सुनेला, बायकोला, आईलाही विचारावे की तुला काय शिकायचे आहे. आणि तिने सांगितले की 'कशाला?' म्हणू नये. वर्ग किती वाजता असतो ते विचारावे, आणि त्या वेळी घरचे काम कोण करील ते ठरवावे.