दाखला कशाची साक्ष देतो?

विल्यम किंग्डन क्लिफर्ड या इंग्रज गणितज्ञाने 1877 मध्ये श्रद्धेच्या नीतीवर एक निबंध प्रसिद्ध केला. त्याची सुरुवात एका जहाजमालकापासून होते. जहाज जुने आहे, त्याची अनेकदा डागडुजी झालेली आहे, आणि ते पुढच्या सफरीत टिकेल का, ही शंका मालकाच्या मनात येऊन गेली आहे. पण इतकी वादळे सोसून ते सुखरूप परतले आहे आणि प्रवाशांची काळजी ईश्वराला आहे, अशी स्वतःची समजूत घालून तो निर्धास्तपणे जहाज सोडतो. जहाज बुडते. क्लिफर्डच्या मते मालक दोषी आहेच. शिवाय जहाज सुखरूप पोचले असते तरी त्याचा दोष कमी झाला नसता, कारण हाती असलेल्या पुराव्यावर तसा विश्वास ठेवण्याचा हक्कच त्याला नव्हता. आज त्याच ब्रिटनमध्ये वीस-पंचवीस वर्षांचे मोटारहोम, म्हणजे व्हॅनच्या सांगाड्यावर निजण्या-रांधण्याची सोय केलेली घरगाडी, बाळगणाऱ्याकडे त्या जहाजमालकाजवळ नसलेली एक गोष्ट असते: ‘एमओटी’ या सक्तीच्या वार्षिक वाहनतपासणीत गाडी उत्तीर्ण झाल्याचा चालू दाखला. या दाखल्याने निर्धास्त राहण्याचा हक्क मिळतो का? माझे उत्तर नकारार्थी आहे. त्यासाठी तपासनिसाच्या सचोटीवर संशय घेण्याची गरज नाही. तो पूर्ण प्रामाणिक आहे असे धरूनच हा प्रश्न सोडवायला हवा.

दुसऱ्याच्या सांगण्यावरून मिळालेल्या ज्ञानाचा आपल्याकडे नैयायिकांनी, म्हणजे न्यायदर्शनाच्या पंडितांनी, कसून विचार केला. न्यायसूत्रांवरील भाष्यात वात्स्यायन आप्त कोणाला म्हणावे ते सांगतो: ज्याने वस्तू स्वतः जाणली आहे आणि जशी जाणली तशीच सांगण्याची ज्याची इच्छा आहे, तो. मग तो ऋषी असो, आर्य असो की म्लेच्छ. या व्याख्येत ब्रिटनचा तपासनीस अगदी चपखल बसतो. 1960 मध्ये ही चाचणी सुरू झाली तेव्हा ती दहा वर्षांहून जुन्या गाड्यांपुरती होती. 1967 पासून तीन वर्षांच्या गाडीलाही ती लागू झाली. तपासनीस गाडीची चाके रोलरवर चढवून ब्रेकची ताकद मोजतो, खाली उतरून दिव्याच्या उजेडात सांगाडा न्याहाळतो, आणि गंजाचा संशय आला तर छोट्या हातोडीने हलकेच ठोकून पत्रा कुठे पोकळ वाजतो का ते ऐकतो. मात्र काहीही खोलायचे नाही, असा नियम आहे. पॅनेल काढायचे नाही, जमिनीवरचे अंथरूण उचलायचे नाही. मोटारहोमचा बराचसा सांगाडा तर नंतर चढवलेल्या घराखाली झाकलेला असतो. गॅसची नळी आणि शेगडी या चाचणीत येतच नाहीत. म्हणजे दाखला एवढेच सांगतो की त्या दिवशी, न खोलता जे दिसले, त्यात गाडी नापास होण्याजोगे काही आढळले नाही. एवढ्यापुरते ते आप्तवाक्य आहे आणि त्यावर विश्वास ठेवायलाच हवा.

चूक पुढच्या पायरीवर होते. ‘गाडी पास आहे, म्हणून ती वर्षभर सुरक्षित आहे’ हे तपासनिसाने सांगितलेले नसते. ते आपण काढलेले अनुमान असते. अशा अनुमानांची पारख करताना नैयायिक उपाधी, म्हणजे नियमात दडलेली अट, शोधतात. अग्नी तिथे धूर, हा नियम टिकत नाही, कारण त्यात ओल्या लाकडाची अट दडलेली आहे. तापलेल्या लोखंडात अग्नी असतो, धूर नसतो. दाखल्यावरून काढलेल्या अनुमानातही अशीच एक अट दडलेली आहे. गाडी चालल्याने झिजते आणि झीज दिसते, असे आपण गृहीत धरलेले असते. रोज कामावर जाणाऱ्या मोटारीला हे बरेचसे लागू पडते. मोटारहोम मात्र वर्षातले कित्येक महिने एकाच जागी उभे असते, आणि त्याला उभे राहणेच बाधते. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषते आणि त्याचा उत्कलनबिंदू उतरत जातो. गॅरेजच्या थंड रोलरवर ब्रेक ठणठणीत लागतात; लांब उतारावर, सगळे सामान भरलेले असताना, तेच ऑइल तापून त्याची वाफ होते आणि पाय पेडलसकट खाली जातो. टायरचे तसेच. नक्षी 1.6 मिलिमीटरपेक्षा खोल असली की कायद्याची अट पुरी होते, आणि फारशा न चालणाऱ्या गाडीची नक्षी भरपूर शिल्लक असते. रबर मात्र वयाने आतून कडक आणि ठिसूळ होते.

ही भीती पुस्तकी नाही. सप्टेंबर 2012 मध्ये सरे परगण्यात ए-3 रस्त्यावर एका बसचा पुढचा टायर फुटला आणि तिघांचा जीव गेला. तो टायर 19 वर्षांचा होता. टायरच्या वयावर तेव्हा कायद्याचे बंधनच नव्हते. ते यायला 2021 चा फेब्रुवारी उजाडला: मोठे ट्रक आणि बस यांच्या पुढच्या आसावर, तसेच मिनीबसच्या एकेरी चाकांवर, दहा वर्षांहून जुन्या टायरना बंदी झाली. मोटारहोम त्या यादीत नाही. हा भेद मला पटत नाही. रबराला आपण कोणत्या गाडीखाली आहोत हे कळत नसते.

यावर पहिला आक्षेप असा की, असा संशय घेत बसलो तर जगणेच अशक्य होईल. जडवादी चार्वाकाने अनुमानमात्रावर शंका घेतली तेव्हा नैयायिक उदयनाचार्यांनी हेच उत्तर दिले होते: शंकेला मर्यादा आहे, आणि आपल्याच कृतीशी विसंगत ठरते तिथे ती संपते. ते योग्यच आहे. तपासनिसाला तपासणारा, त्यालाही तपासणारा, अशी अनवस्था कुठेतरी थांबावीच लागते. 2020 च्या जानेवारीत उत्तर आयर्लंडच्या चाचणी केंद्रांत गाड्या उचलणाऱ्या लिफ्टनाच तडे आढळले आणि बहुतेक चाचण्या थांबवाव्या लागल्या; म्हणून काही तिथल्या लोकांनी सगळ्या तपासण्यांवरचा विश्वास सोडला नाही. पण उदयनाचे उत्तर निराधार शंकेला आहे. उपाधी डोळ्यांसमोर असताना घेतलेली शंका निराधार नसते, आणि क्लिफर्डच्या जहाजमालकाने नेमकी अशीच शंका दडपली होती.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. मालक काही तज्ज्ञ नाही; त्याने तज्ज्ञावर विसंबायचे नाही तर कोणावर? तज्ज्ञाने जे पाहिले त्याबाबत त्याच्यावरच विसंबावे. पण गाडी किती महिने उभी होती, उघड्यावर होती की छपराखाली, ब्रेक ऑइल शेवटचे कधी बदलले, टायर कोणत्या साली बसवले, हे तपासनिसाला ठाऊक नसते, मालकाला असते. या बाबतीत आप्त मालकच आहे. त्याने ते न सांगता दाखला पुढे करणे म्हणजे दुसऱ्याच्या साक्षीआड स्वतःची साक्ष लपवणे होय. पास झालेल्या गाडीच्या दाखल्यावरही तपासनीस अनेकदा लक्ष ठेवण्याजोग्या बाबी नोंदवतो: टायरच्या कडेला बारीक भेगा, ब्रेकच्या नळीवर वरवरचा गंज. त्या न वाचता फक्त ‘उत्तीर्ण’ वाचणारा त्या आप्ताचे अर्धेच वाक्य ऐकतो.

ब्रिटनच्या कायद्यानेही ही जबाबदारी मालकावरून उतरवलेली नाही. चालू दाखला असलेली गाडी धोकादायक अवस्थेत रस्त्यावर आणली तर 2500 पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो, आणि दाखला आहे म्हणून सुटका होत नाही. तिथे जुने मोटारहोम विकत किंवा भाड्याने घेणाऱ्याने गाडीच्या नंबरावरून तिच्या मागच्या चाचण्यांचा इतिहास सरकारी संकेतस्थळावर पाहावा. 2005 पासूनच्या नोंदी सर्वांना खुल्या आहेत. मग टायरच्या कडेवर छापलेले चार आकडे स्वतः वाचावेत: पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. आणि गेल्या वर्षी गाडी किती महिने उभी होती, हे मालकाला तोंडावर विचारावे.