नेसणें आणि घालणें

भायखळ्याच्या ग्लोरिया चर्चची आजची वास्तु १९१३ सालची. परंतु मूळ चर्च माझगांवांत, पोर्तुगीज अमदानींत उभें राहिलें होतें. रविवारीं तेथून बाहेर पडणाऱ्या मंडळींत झगा, सूट व साडी हीं तिन्ही शेजारून चालत असतात. त्यांपैकीं झगा व सूट घालावयाचे, साडी मात्र नेसावयाची. हा भेद व्याकरणाचा म्हणून आपण सोडून देतों. मला तो नीतीचाही वाटतो.

पोर्तुगीजांत कपड्यांस ‘वेश्तिर’ हें क्रियापद आहे आणि जोडे, मोजे, हातमोजे यांस ‘काल्सार’ हें निराळें. (हातमोजा जोड्याच्या पंक्तीस कां बसावा, हें हातांनाच विचारावें!) स्पॅनिशांत कपडा अंगावर चढविणें म्हणजे ‘पोनेर्से’, अक्षरशः ‘स्वतःवर ठेवणें’. त्यांतला ‘से’ गळला कीं नुसतें ‘ठेवणें’ उरतें, आणि तें दुसऱ्याच्या अंगावरही चालतें. वस्त्र आपलें आपण चढविलें कीं दुसऱ्यास चढविलें, हें त्या एका अक्षरावरून कळतें.

मराठीचें भांडार याहून मोठें. आपण शाल पांघरतों, पागोटें बांधतों, फुलें माळतों, दागिने लेतों. परकर शिवलेला असूनही नेसतात. म्हणजे तेथें निवाडा शिवणीचा नसून कमरेचा आहे. पण खरी मौज पुढेंच आहे. ‘नेसणें’ हें ज्याचें त्यानेंच करावयाचें. दुसऱ्यास करावयाचें झाल्यास ‘नेसविणें’ असें क्रियापदच बदलावें लागतें. ‘घालणें’ ह्या क्रियापदास असा संकोच नाहीं. सदरा स्वतःच्या अंगांत घालतां येतो, मुलाच्याही. आणि कैद्याला बेड्याही घालतात.

मनुष्याच्या अंगावर काय असावें, हें दुसऱ्यानें कितपत ठरवावें? १७३६ सालीं गोव्याच्या इन्क्विझिशननें, म्हणजे तेथील धर्मन्यायासनानें, फर्मान काढून ख्रिस्ती पुरुषांस पुडवें व स्त्रियांस चोळी वापरण्याची मनाई केली. अ. का. प्रियोळकरांच्या १९६१ च्या इंग्रजी ग्रंथांत त्याची हकीकत वाचावयास मिळते. मनाई रस्त्यापुरती नव्हती, घरांतही होती. पुडव्यावर हुकूम चालला, क्रियापदावर चालला नाहीं. कोंकणींत पोशाखाला आजही ‘न्हेसण’च म्हणतात, मग तो झगा कां असेना.

हें वाचून आपण पोर्तुगीजांवर रागावतों, तें योग्यच. परंतु विधवेच्या वांट्याचीं ‘माळणें’ आणि ‘लेणें’ हीं दोन क्रियापदें आपल्याच घरांनीं काढून घेतलीं, त्यास फर्मानही लागलें नाहीं. गोव्याचें तें न्यायासन १८१२ सालीं कायमचें बंद झालें. कोणींच न लिहिलेला हुकूम रद्द करावयाचा तरी कोणीं? कोल्हापूर जिल्ह्यांतील हेरवाड ग्रामपंचायतीनें मे २०२२ मध्यें विधवेचें कुंकूं पुसणें, बांगड्या फोडणें ह्या प्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्यांत पुसण्या-फोडण्याला मज्जाव आहे, लेण्याची सक्ती नाहीं. आणि त्याच महिन्यांत राज्य सरकारनें इतर ग्रामपंचायतींनीं हा कित्ता गिरवावा, असें परिपत्रक काढलें.