निशाण नसलेले गलबत

आपण कोण हे कळू न देता शेजाऱ्याचे नुकसान करणे, हे उघड युद्धापेक्षा कमी वाईट की अधिक? हा प्रश्न मला पडला तो राजनीतीचा ग्रंथ वाचताना नव्हे, तर तेरा वर्षांच्या नातीबरोबर संगणकावर खेळताना.

'सिव्हिलायझेशन' या खेळाची पहिली आवृत्ती १९९१ साली निघाली. आम्ही खेळतो ती चौथी, २००५ सालची, २००७ च्या पुरवणीसह. बुद्धिबळासारखाच हा पाळीपाळीने खेळायचा खेळ. राज्य वसवायचे, नगरे वाढवायची आणि शेजाऱ्यांच्या पुढे जायचे. संगणक एकच, म्हणून तिची पाळी आली की मी पाठ फिरवून बसतो; माझी आली की ती गॅलरीत जाते. उरलेले राजे संगणक चालवतो. त्या दिवशी त्यांत अ‍ॅझ्टेकांचा मोंटेझुमा होता.

नातीचे राज्य माझ्या शेजारी, समुद्रकाठी, आणि माझ्याहून संपन्न. आमचा स्नेहाचा करार होता, सीमा खुल्या होत्या. युद्ध पुकारावे तर तिचे सैन्य मोठे. या खेळात 'प्रायव्हटियर' नावाचे एक लुटारू गलबत मिळते. त्यावर कोणत्याच राज्याची खूण नसते. युद्ध न पुकारता ते दुसऱ्याच्या जहाजांवर हल्ला करते, बंदरांची नाकेबंदी करते आणि लुटीचा पैसा आपल्या खजिन्यात आणते. मी अशी तीन गलबते तिच्या किनाऱ्यावर धाडली आणि सभ्य गृहस्थासारखा पाठ फिरवून बसलो.

चार-पाच पाळ्यांनंतर ती म्हणाली, "आजोबा, माझी बंदरं कुणीतरी लुटतंय. हा मोंटेझुमाच असणार." मी गप्प राहिलो. त्या खेळात मोंटेझुमाची ख्याती मुळीच चांगली नाही. तो केव्हा कोणावर चालून जाईल याचा नेम नसतो. तिने त्याच्यावर युद्ध पुकारले, त्याची दोन नगरे जाळली आणि मला विचारले, "तुम्ही माझ्या बाजूनं ना?" मी हो म्हणालो. तो 'हो' मला अजून टोचतो.

माझ्या बचावाला आधार नव्हता असे नाही. कौटिल्याने युद्धाचे प्रकार सांगताना प्रकाशयुद्ध आणि कूटयुद्ध यांच्याबरोबर तूष्णींयुद्धही सांगितले आहे: हेर आणि फितुरी यांच्या साहाय्याने गुपचूप चालवायचे युद्ध. प्रा. र. पं. कंगले यांनी मुंबई विद्यापीठासाठी सिद्ध केलेले 'अर्थशास्त्रा'चे तीन भाग माझ्या कपाटात आहेत. गावेच्या गावे बेचिराख होण्यापेक्षा चार जहाजे लुटली गेलेली काय वाईट, असे कोणीही म्हणेल. शिवाय खेळच तो. पत्ते लपवणे हा पत्त्यांच्या खेळात गुन्हा नसतो.

पण विचार करू लागलो तसा या हिशेबातला एक आकडा गळालेला दिसला. निनावी अपराध निनावी राहत नाही. ज्याचे नुकसान झाले तो त्याला कोणाचे तरी नाव देतोच, आणि ज्याची आधीच अपकीर्ती असते त्याचेच नाव सहज सुचते. युद्ध मी टाळले नव्हते. ते एका निरपराध राजाच्या दारात नेऊन सोडले होते.

दुसरेही आहे. उघड वैऱ्याशी तह करता येतो. जो लढतच नाही त्याच्याशी तह कसा करायचा? युरोपातल्या खऱ्या प्रायव्हटियरजवळसुद्धा राजाचे लेखी अधिकारपत्र असे. म्हणजे लुटीखाली कोणाची तरी सही होती. १८५६ च्या पॅरिस जाहीरनाम्यात सामील झालेल्या राष्ट्रांनी तेवढेही त्याज्य ठरवले. आणि १७९५ साली चिरंतन शांततेवर लिहिताना कांटने मारेकरी, विषप्रयोग, फितुरी ही साधने युद्धातही वर्ज्य मानली, कारण पुढे शांतता व्हायची तर शत्रूवरही काही विश्वास उरावा लागतो. मी तर शत्रुत्वाची कबुलीही न देता तो विश्वास संपवत होतो. उघड युद्ध क्रूर खरे. पण समोरच्याला निदान ते सांगते, की तुझे भांडण माझ्याशी आहे.

रात्री जेवताना मी नातीला सारे सांगितले. मला वाटले, ती रुसेल. ती क्षणभर माझ्याकडे पाहत राहिली आणि म्हणाली, "मग आधीच सांगायचं ना आजोबा! मी तुमच्याशीच लढले असते."

दुसऱ्या दिवशी तिने माझ्यावर रीतसर युद्ध पुकारले, मला हरवले आणि तहही केला. मोंटेझुमाच्या जळालेल्या नगरांचे काय करायचे, हे मात्र आम्हां दोघांनाही सुचले नाही.