वेदना आणि मातृत्व

उत्तनच्या एका घरी आम्ही नवजात बाळाला आशीर्वाद देण्यास गेलो होतो. आईने हळूच विचारले, ‘‘फादर, मला पूर्ण भूल दिली होती. बाळाचे पहिले रडणे मी ऐकलेच नाही. आई म्हणून मी उणी पडले का?’’

सिझेरियनच्या वेळी बहुधा पाठीत इंजेक्शन देऊन कमरेखालचा भाग बधिर करतात. आई जागी राहते, बाळापर्यंत औषध फारच थोडे पोहोचते. मात्र तिचा रक्तदाब उतरू शकतो. जीव धोक्यात असल्यास पूर्ण भूल लवकर देता येते. मग बाळ काही वेळ सुस्त राहू शकते. हा निर्णय भूलतज्ज्ञांचा. त्यावरून घरच्यांनी मातेला बोल का लावावा?

१८४७ साली एडिंबरो येथे डॉ. सिम्प्सन यांनी प्रसूतीत क्लोरोफॉर्म वापरले, तेव्हा काहींना उत्पत्तीचा तिसरा अध्याय आठवला. सिम्प्सन यांनी दुसऱ्या अध्यायाकडे बोट दाखविले: आदामाची फासळी काढण्यापूर्वी देवाने त्याला गाढ निद्रा दिली होती. १९५६ साली पोप बारावे पायस यांनीही वेदनारहित प्रसूती धर्माविरुद्ध नाही, असे स्पष्ट केले.

बाळासाठी आपली शुद्ध हरपू देणे, हेही आत्मदानच. आम्ही त्या मातेला म्हणालो, ‘‘बाई, ते पहिले रडणे देवाने ऐकले. यापुढचे तू ऐक.’’