दिवा हिरवाच होता

वांद्रे-कुर्ला संकुलाच्या जी ब्लॉकमध्ये राष्ट्रीय शेअर बाजार आणि त्याच्यावर देखरेख ठेवणारी सेबी एकमेकांपासून चालत जाता येईल इतक्या अंतरावर आहेत. २४ फेब्रुवारी २०२१ च्या बुधवारी सकाळी ११ वाजून ४० मिनिटांनी या बाजाराचे सौदे थांबले. दुसऱ्याच दिवशी वायद्यांची महिन्याची मुदत संपायची होती, म्हणजे दिवस लगबगीचा. पुढे बाजाराने जे कारण दिलं ते ऐकून कुठल्याही मुंबईकराला हसू यावं. एक वाहिनी तुटली तर दुसरी हाताशी असावी म्हणून दोन निरनिराळ्या दूरसंचार कंपन्यांच्या वाहिन्या घेतलेल्या होत्या, आणि रस्त्याच्या खोदकामाने दोन्ही डळमळल्या. त्यातून जोखीम मोजणारी यंत्रणा बंद पडली आणि तिच्याशिवाय सौदे चालू ठेवता येईनात. वांद्र्यात राहणाऱ्याला खोदलेल्या रस्त्यांचं माहात्म्य वेगळं सांगायला नको.

पण यंत्र बंद पडलं याची तक्रार मला करायची नाही. यंत्रं बंद पडतात. मला त्या दिवशीच्या ११:४० ते ३:४५ या चार तासांबद्दल बोलायचं आहे. सकाळी घेऊन त्याच दिवशी विकून मोकळे होणारे, ज्यांना इंट्राडेवाले म्हणतात, त्यांचे सौदे ब्रोकरांच्या यंत्रणा दुपारी सव्वातीनच्या आसपास आपोआप मिटवतात. त्या दुपारी बाजार पुन्हा उघडेल का, कधी उघडेल, आजच उघडेल का, यातलं काहीच कळत नव्हतं. म्हणून अनेक ब्रोकरांनी ग्राहकांचे सौदे मुंबई शेअर बाजारात मिळेल त्या भावाला मिटवून टाकले. मग, नेहमीची बंद होण्याची वेळ तोंडावर आली तेव्हा, जाहीर झालं की व्यवहार पावणेचारला सुरू होऊन पाचपर्यंत चालतील. सूचना खरी होती, तिच्यात एक अक्षर खोटं नव्हतं. फक्त ज्याला तिचा उपयोग होता त्याचा सौदा तोवर मिटला होता. अशाच वेळेसाठी असलेल्या पर्यायी केंद्रावरून काम का सुरू केलं नाही, याचा खुलासा सेबीने त्याच दिवशी मागितला.

अशा सूचनांचं जग सॉफ्टवेअरवाल्यांना रोजचं आहे. वेबसाइट असो, अ‍ॅप असो की कुणा काकूंचं लाडू-चिवड्याचं ऑनलाइन दुकान, ते कुठल्या तरी होस्टिंग कंपनीच्या सर्व्हरवर भाड्याने राहत असतं. अ‍ॅमेझॉनने जून २०१६ मध्ये आपल्या क्लाउड सेवेचा मुंबई विभाग सुरू केल्यापासून यातली बरीच बिऱ्हाडं तर आपल्याच शहरात आली. सोसायटीच्या फलकावर टाकी धुण्याची नोटीस लागते तसे या कंपन्यांचे निरोप डेव्हलपरला येत राहतात: रविवारी पहाटे देखभाल आहे, अमुक जुनी आवृत्ती मार्चनंतर चालणार नाही, सध्या काही ग्राहकांना अडचण येत असू शकते. शिवाय प्रत्येक कंपनीचं एक स्टेटस पेज असतं. तिथे एकेका सेवेपुढे दिवा असतो, हिरवा म्हणजे ठीक, लाल म्हणजे बंद.

२८ फेब्रुवारी २०१७ ला अमेरिकेत अ‍ॅमेझॉनची एस-थ्री ही साठवणुकीची सेवा कोसळली. बिलिंग यंत्रणा मंदावली होती, तिचं कारण शोधताना एका कर्मचाऱ्याने दिलेल्या आज्ञेत एक तपशील चुकला आणि काढायचे त्यापेक्षा कितीतरी जास्त सर्व्हर काढले गेले. असंख्य वेबसाइटी आडव्या झाल्या. अ‍ॅमेझॉनच्या स्टेटस पेजवरचे दिवे मात्र सुमारे दोन तास हिरवेच राहिले, कारण ते दिवे बदलण्याची यंत्रणाही एस-थ्रीवरच चालत होती. कंपनीला ट्विटरवरून सांगावं लागलं की आमच्या दिव्यांकडे पाहू नका. हे कंपनीने स्वतःच नंतर लिहून ठेवलं आहे, आणि त्यात लबाडी नव्हती, गलथानपणा होता. नैतिक प्रश्न सुरू होतो तो दिवा लाल करता येत असूनही कुणी करत नाही तेव्हा.

का करत नाही? एक कारण साधं आहे, पैसा. होस्टिंगच्या करारात ९९.९ टक्के वेळ सेवा चालू राहील असं वचन असतं. वाचायला भरभक्कम, पण हिशेब केला तर महिन्याला सुमारे ४३ मिनिटं बंद राहण्याची ती सवलत असते. ९९.९९ टक्क्यांचं वचन असेल तर चारच मिनिटं. त्यापुढे बंद राहिलं की बिलात सूट द्यावी लागते. म्हणजे घड्याळ केव्हा लावायचं याला किंमत आहे, आणि कित्येक ठिकाणी दिवा लाल करण्याचा निर्णय माणूस घेतो, त्या माणसाला वरच्याला विचारावं लागतं, आणि वरचा मीटिंगमध्ये असतो. गंमत अशी की महिना पाचशे रुपये भरणाऱ्या ग्राहकाला मिळणारी ती सूट चहा-वडापावच्या पुढे जात नाही. त्याला पैसे नको असतात. आपलं काय करायचं हे ठरवण्यापुरती खबर हवी असते.

दुसरं कारण जास्त माणसासारखं आहे, आणि त्याच्याबद्दल मला थोडी सहानुभूतीही आहे. नक्की काय झालं हे कळल्याशिवाय बोलू नये असं जबाबदार माणसाला वाटतं. शेअर बाजाराच्या बाबतीत तर ही भीती अनाठायी नाही, कारण तिथे अर्धवट सूचनेनेसुद्धा भाव हलतो. पण पूर्ण चित्र हाती येईपर्यंत थांबणं हा बहुतेक वेळा सावधपणा राहत नाही, ती सवय होते. अ‍ॅटलासियन या ऑस्ट्रेलियन सॉफ्टवेअर कंपनीचं एप्रिल २०२२ मधलं प्रकरण पाहा. एका चुकीच्या आदेशाने तिच्या ७७५ ग्राहकांच्या साइटी पुसल्या गेल्या आणि काहींना परत मिळायला जवळजवळ दोन आठवडे लागले. तक्रार नोंदवायची तर अर्जात साइटचा पत्ता भरावा लागे, आणि ती साइट तर अस्तित्वातच नव्हती. ग्राहकांशी संपर्क साधण्याची माहितीही पुसलेल्या साइटींबरोबर गेली होती. नंतरच्या अहवालात कंपनीने कबूल केलं की पूर्ण चित्राची वाट पाहण्याऐवजी काय माहीत आहे आणि काय माहीत नाही हे आम्ही आधीच सांगायला हवं होतं. ‘अजून कळलेलं नाही, तासाभरात पुन्हा सांगतो’ एवढ्या निरोपावर माणूस पर्यायी सोय करू शकतो. गप्प बसलेल्या कंपनीकडे पाहत तो फक्त पान रिफ्रेश करत बसतो.

डेव्हलपरांचा कोड सांभाळणाऱ्या गिटलॅब या कंपनीने याच्या उलट केलं. ३१ जानेवारी २०१७ च्या रात्री तिच्या एका थकलेल्या अभियंत्याने दुय्यम सर्व्हर समजून मुख्य सर्व्हरवरचा डेटाबेस पुसायला घेतला. लक्षात येऊन आज्ञा थांबवेपर्यंत सुमारे ३०० जीबीतलं साडेचार जीबी उरलं होतं. मग बॅकअप शोधायला गेले तर एकेक करून सगळे निकामी निघाले. बॅकअप होत नाही असा इशारा देणाऱ्या ई-मेल यंत्रणा पाठवत होती, पण त्या योग्य रीतीने प्रमाणित नसल्याने परस्पर नाकारल्या जात होत्या. (कुणाला पाठवलं आणि कुणाला पोचलं यातला हा फरक ज्याने सरकारी कचेरीत अर्ज दिला आहे त्याला पाठ असतो.) सहा तासांपूर्वी कुणी दुसऱ्याच कामासाठी घेतलेली एक प्रत सापडली, तिच्यावर निभावलं. मधल्या वेळातल्या नोंदी कायमच्या गेल्या. अंदाजे पाच हजार प्रकल्प, तितकेच शेरे आणि सातशे नवी खाती यांना फटका बसला. कोड तेवढा शाबूत राहिला.

हे सगळं चालू असताना गिटलॅबने आपली कामाची टिपणं जगाला उघडी ठेवली, दुरुस्तीचं यूट्यूबवर थेट प्रक्षेपण केलं, आणि चूक करणाऱ्याचा उल्लेख त्या टिपणांत ‘पहिला सहकारी’ अशाच अर्थाने केला, नावाने नाही. आपल्याकडे काही बिघडलं की सायंकाळपर्यंत कुणा कनिष्ठाचं निलंबन होतं आणि चौकशी मिटते. थकलेल्या माणसाला मध्यरात्री मुख्य डेटाबेसपर्यंत जाऊ देणारी व्यवस्था तशीच राहते, आणि पुढच्या वेळी चूक दिसली तरी कनिष्ठ तोंड उघडत नाही. त्या रात्री गिटलॅबची जगभर वाहवा झाली. ती मला थोडी खटकते. ज्यांच्या नोंदी गेल्या त्यांना प्रक्षेपण पाहून नोंदी मिळाल्या नाहीत, आणि बॅकअप एकदा तपासून पाहिला असता तर प्रांजळपणा दाखवायची वेळच आली नसती. तरीही गप्प बसणारी आणि उघड बोलणारी यांत मी दुसरीला भाडं देईन.

आधी सांगून होणाऱ्या गैरसोयीची जातकुळीच वेगळी. जानेवारी २०२५ मध्ये माहीम आणि वांद्रे यांच्यामधल्या मिठी नदीवरच्या ब्रिटिशकालीन रेल्वे पुलाचे लोखंडी खांब काढून नवं बांधकाम करण्यासाठी पश्चिम रेल्वेने सलग दोन रात्री ब्लॉक घेतला. पावणेतीनशेच्या आसपास लोकल फेऱ्या रद्द झाल्या. कोणत्या गाड्या, कुठून कुठपर्यंत, किती वाजल्यापासून, हे आधीच वर्तमानपत्रांत छापून आलं होतं. लोक वैतागले, पण वैतागून घरून लवकर निघाले किंवा निघालेच नाहीत. निवड त्यांच्या हातात राहिली.

हेरोकू या होस्टिंग कंपनीनेही २०२२ मध्ये असंच केलं. फुकट योजनांचा गैरवापर रोखण्यात फार शक्ती जाते असं सांगून तिने २५ ऑगस्टला जाहीर केलं की २८ नोव्हेंबरपासून या योजना बंद होतील. कॉलेजातल्या मुलांचे प्रकल्प, हौशी लोकांच्या छोट्या साइटी अशा जागेवर वर्षानुवर्षं उभ्या असतात. फुकटात राहणाऱ्याला तीन महिन्यांची मुदत ही माझ्या मते रास्तच. तक्रार करणाऱ्यांशी मी सहमत नाही. पण एक गोष्ट उरते. निरोप खात्यावर नोंदवलेल्या ई-मेलला जातो. साइट बनवून देणारा मुलगा नोकरीसाठी पुण्याला किंवा टोरांटोला गेलेला असतो, ई-मेल कॉलेजच्या जमान्यातला असतो, आणि ती साइट वापरणाऱ्या वाचनालयाच्या ग्रंथपालांना हेरोकू हे नावच माहीत नसतं. कंपनीने सांगितलं. ग्रंथपालांना कुणी सांगितलं नाही.

इथे मला खरी गाठ दिसते. सूचना शिडीवरून उतरते. बाजाराकडून ब्रोकरकडे, ब्रोकरकडून गुंतवणूकदाराकडे; होस्टिंगवाल्याकडून डेव्हलपरकडे, तिथून दवाखान्याकडे, तिथून रुग्णाकडे. प्रत्येक पायरीवरचा माणूस ती थोडा वेळ स्वतःकडे धरून ठेवतो, कुणी शरमेने, कुणी ‘होईल सुरू एवढ्यात’ या आशेने. ज्याचं सगळ्यांत जास्त अडतं तो तळाच्या पायरीवर उभा असतो आणि त्याला सगळ्यांत शेवटी कळतं. वरच्या पायऱ्यांसाठी आता घड्याळं लावली गेली आहेत. सेबीने मार्च २०२१ मध्येच बाजारांना बजावलं की महत्त्वाची यंत्रणा बंद पडली तर अर्ध्या तासात आपत्ती जाहीर करा आणि त्यानंतर ४५ मिनिटांत पर्यायी केंद्रावरून काम सुरू करा. एप्रिल २०२५ पासून एक बाजार बंद पडला तर ७५ मिनिटांत सेबीला आणि दुसऱ्या बाजाराला कळवायचं आहे. सायबर हल्ला झाला तर सर्ट-इन या सरकारी संस्थेला सहा तासांत खबर देण्याचं बंधन क्लाउड आणि डेटा सेंटर कंपन्यांवर एप्रिल २०२२ च्या निर्देशांनी आलं. ही खबर वर जाते. खाली जाणारी खबर अजून करारातल्या बारीक अक्षरांवर आणि ज्याच्या त्याच्या सद्‌बुद्धीवर सोडलेली आहे.

समजा, वांद्रे पूर्वेतल्या एखाद्या डॉक्टरांच्या अपॉइंटमेंट एका तरुण डेव्हलपरने बनवलेल्या साइटवर होतात. सोमवारी सकाळी नऊला होस्टिंग बसलं. त्याला ई-मेल आला, त्याने दोन तास वाट पाहिली, स्टेटस पेज पाहत राहिला. साडेअकराला डॉक्टरांचाच फोन आला तेव्हा म्हणाला, “सर, होस्टिंगवाल्यांचा प्रॉब्लेम आहे, माझ्या हातात काही नाही.” यातलं पहिलं वाक्य खरं आहे. दुसरं नाही. नऊ वाजून पाच मिनिटांनी रिसेप्शनवरच्या ताईंना फोन करून “साइट बंद आहे, कधी सुरू होईल माहीत नाही, आज वहीत नावं लिहा आणि लांबून येणाऱ्यांना कळवून टाका” एवढं सांगणं पूर्णपणे त्याच्या हातात होतं. फोन केला असता तर विरारहून उपाशीपोटी निघालेले आजोबा कदाचित गाडीत बसलेच नसते. आणि डॉक्टरांनी विचारलं असतं की होस्टिंग कुणाचं घेतलं होतंस, तर स्वस्तातलं मीच निवडलं होतं, हेही त्याला सांगावं लागलं असतं.