गजर बंद करण्यापूर्वी



आजचं चिंतन : भगवद्गीता, अध्याय ६, श्लोक १६-१७

भगवंत अर्जुनाला सांगतात, अति खाणाऱ्याला योग साधत नाही आणि उपाशी राहणाऱ्यालाही नाही. अति झोपणाऱ्याला नाही, सतत जागणाऱ्यालाही नाही. हे श्लोक पाठ होते, पण मला ते कळले पिंपरीतल्या एका आयसीयूत.

ऑपरेशननंतर काका तिथे होते. पहिल्या दिवशी मॉनिटर वाजला आणि माझ्या छातीत धस्स झालं. काकांनी हात हलवल्यामुळे बोटावरची क्लिप सरकली होती, एवढंच. तिसऱ्या दिवशी तो वाजला तेव्हा मी मोबाइलवरून मानही वर केली नाही. सिस्टर आल्या. त्यांनी आधी काकांचा चेहरा पाहिला, श्वास पाहिला, क्लिप नीट लावली आणि मग आवाज बंद केला. मला लाज वाटली.

याला 'अलार्म फटीग' म्हणतात. आयसीयूतले बरेचसे गजर असे, खरा धोका नसतानाच वाजलेले असतात. ते ऐकून ऐकून कान सरावतात आणि एखादा खरा गजर त्यातच हरवतो.

मग गजर बंद करणं चूक का? नाही. सीओपीडीच्या काही रुग्णांचा ऑक्सिजन मुद्दाम ८८ ते ९२ टक्के ठेवतात. त्यांचा गजर ९४ वर लावला तर तो रात्रभर ओरडेल आणि शेवटी कुणी लक्षच देणार नाही. मर्यादा फार खाली नेली तर शांतता मिळेल, पण जीव जाईल. अति जागरण आणि अति झोप, दोन्ही इथेच दिसतात. म्हणून मर्यादा त्या त्या माणसाकडे बघून ठरवायची.

भूल दिलेला माणूस तर हाकही मारू शकत नाही. ऑक्सिजन घटला की पल्स ऑक्सिमीटरच्या टिक-टिकचा सूर खाली उतरतो. भूलतज्ज्ञाची पाठ वळलेली असली तरी त्याला ते ऐकू येतं. तो आवाज बंद ठेवणं म्हणजे त्या माणसाची हाकच बंद करणं.

आपल्या खिशातही दिवसभर काहीतरी वाजतच असतं. चाकणची नाइट शिफ्ट करून आलेल्याने फोन म्यूट करून झोपावं, त्यात पाप नाही. पण न बघताच म्यूट करायची सवय लागली की त्यात आईचा फोनही जातो.

आजची साधना एवढीच : आवाज बंद करण्याआधी, हाक कुणाची आहे ते एकदा बघा.

राम कृष्ण हरी!